जिप्सीचा टॉप

मिस्त्री पहिल्यांदा घरी गाडी पाहायला आला तेव्हा त्याने ना बॉनेट उघडलं ना इंजिन चालू करायला लावलं. सरळ मागे गेला, टॉप, म्हणजे गाडीचं फायबरचं छत, जिथे बॉडीवर टेकतो त्या कडेवरून अंगठा फिरवत एक पूर्ण चक्कर मारली, दोन-तीन ठिकाणी नखाने रबर उचकटून पाहिलं आणि बाबांना विचारलं, "काकाजी, हा शेवटचा कधी काढला होता? कोणी काढला होता?" बाबा म्हणाले, "काढलाच नाही न कधी. बसवला तेव्हापासून तसाच आहे." पोर्चमधल्या झोपाळ्यावर आई मेथी निवडत बसली होती, ती मान वर न करता म्हणाली, "एकदा काढला होता." बाबा म्हणाले, "नाही गं." आई म्हणाली, "काढला होता." बस, एवढंच. मिस्त्री दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला आणि मग म्हणाला की ठीक आहे, गाडी पाठवा, पाहू काय होते ते.

विषय तिथेच संपला, मिस्त्री पाणी पिऊन गेला, बाबा आत जाऊन पेपर वाचायला लागले. मला मात्र ती दोन वाक्यं टोचत राहिली. आमच्या घरात जिप्सीबद्दल बाबा जे म्हणतील तेच खरं असतं. ऑइल कधी बदललं, क्लच प्लेट कुठून आणली, कोणत्या पंपावर माप बरोबर मिळतं, सगळं त्यांच्या डोक्यात असतं, आणि डोक्याबाहेर एका जुन्या लाल वहीत असतं. आई त्या गाडीबद्दल कधी काही बोलतच नाही. बसते, उतरते, उतरताना पदर सावरते. तिने इतक्या शांतपणे, भाजी निवडता निवडता, बाबांचं म्हणणं खोडलं याचंच मला नवल वाटत होतं. दोघांपैकी खोटं बोलणारं कोणी नाही. रात्री बाबा झोपल्यावर मी ती लाल वही काढून पहिल्या पानापासून चाळली. टायर, ब्रेक शू, रेडिएटरचा होज, पासिंग, इन्शुरन्स, सगळ्या नोंदी तारीखवार. टॉप बसवल्याची नोंद होती, रक्कम होती, पावती टाचलेली होती. टॉप काढल्याची कुठेच नव्हती.

गाडी आमची 'जिप्सी किंग' या मॉडेलच्या आधीची, ९७० सीसीवाली. १९८५ च्या डिसेंबरात मारुतीने जिप्सी आणली आणि थोड्याच वर्षांत ती फौजेत, पोलिसांत, जंगलात, सरकारी खात्यांत जिथे तिथे दिसायला लागली. बाबा पाटबंधारे खात्यात, त्यांचा पूर्ण दिवस अशाच एका पांढऱ्या सरकारी जिप्सीत जायचा. राजीव गांधींनी १९८८ मध्ये गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन केलं त्याच्या नंतरची ती वर्षं, वैनगंगेच्या काठाने नुसता मुरूम, रोलर आणि धूळ. संध्याकाळी सरकारी गाडी ऑफिसात लावून स्कूटरवर घरी येताना त्यांचा चेहरा उतरलेला असायचा असं आई सांगते. शेवटी त्यांनी स्वतःची घेतली, सेकंडहँड, सॉफ्ट टॉप. पाइपच्या कमानींवर ताणलेलं रेग्झिन, मागे समोरासमोर दोन बाकं, त्या बाकांवर मी आणि दादा गुडघ्याला गुडघा लावून बसायचो आणि खड्डा आला की डोकं कमानीला आपटायचं.

सॉफ्ट टॉपची मला जी आठवण आहे ती बहुतेक वासाची आहे. उन्हात तापलेल्या रेग्झिनचा वास, तो अंगावरच्या फ्रॉकला सुद्धा लागायचा. मागच्या प्लॅस्टिकच्या खिडक्या पिवळ्या पडलेल्या, त्यातून रामटेकचा गड पाहिला की तो चहाच्या रंगाचा दिसायचा. चेन अडकायची, ती ओढताना नख दुखायचं. थंडीत बाबा मागचं कापड गुंडाळून पट्ट्यांनी बांधून टाकायचे आणि मग काटोल रोडने जाताना रस्त्याकडेच्या संत्र्याच्या ढिगांचा वास, शेतातल्या ओल्या मातीचा वास, पुढच्या ट्रकचा डिझेलचा धूर, जे काही बाहेर असेल ते सगळं आत यायचं. घरी पोचल्यावर आई आमचे कान ओल्या फडक्याने पुसायची, फडकं तपकिरी व्हायचं. मला ते सगळं फार आवडायचं, आईला आवडत नाही असंच मी धरून चालले होते. आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

मग टॉप आला. कामठी रोडला एक बॉडीवाला फायबरचे टॉप बनवून द्यायचा, जीपचे, जिप्सीचे, अँब्युलन्सचे. बाबा कारण सांगताना नेहमी म्हणतात, "तुझ्या आईला धूळ सहन होत नव्हती." आई ते ऐकते आणि काही म्हणत नाही. पांढराशुभ्र टॉप, सरकत्या काचा, आत खाकी रंगाचं फेल्ट, मधोमध एक छोटा दिवा. बॉडीवाल्याने तेव्हा सांगितलं होतं की बोल्ट काढले की दोन तासांत टॉप बाहेर, उन्हाळा-पावसाळा लावा, दिवाळी झाली की काढून ठेवा. बाबांना ही गोष्ट इतकी पटली की पाहुण्यांना ते टॉप दाखवण्याआधी तो निघतो हे सांगायचे. त्यांच्याकडच्या एका इंग्रजी मासिकात परदेशी गाड्यांचे फोटो होते ते त्यांनी मला दाखवले होते. १९५५ च्या फोर्ड थंडरबर्डला फायबरग्लासचा सुटा टॉप कंपनीतूनच यायचा, आणि १९६३ ची मर्सिडीज २३० एसएल, तिचा सुटा टॉप मधोमध किंचित दबलेला म्हणून लोक तिला पॅगोडा म्हणतात. अशा गाड्यांचे मालक गॅरेजच्या छताला पुली लावून टॉप अधांतरी टांगून ठेवतात, गाडी खालून बाहेर काढतात. आमच्याकडे पोर्च होता, पुली नव्हती. काढला तर ठेवायचा कुठे इथे येऊन दरवर्षी गोष्ट थांबायची.

पाहिजे तेव्हा काढता येतो, या एका वाक्यावर आमच्या घराने कितीतरी हिवाळे घालवले.

आणि खरं सांगते, मला त्या वाक्याचा राग नाही आला कधी. ते वाक्य घरात होतं म्हणून थंडीचे दिवस आले की जेवताना विषय निघायचा, यावर्षी काढू, ताडोब्याला उघडी नेऊ, नागझिऱ्याला नेऊ. दादा पुण्याला गेला, माझं लग्न झालं, मी नोकरीमुळे नागपुरातच राहिले आणि नंतर आईबाबांजवळच परत राहायला आले, गाडीचं पंधरा वर्षांनंतरचं पासिंग झालं, त्यानंतरही दर पाच वर्षांनी होत राहिलं, टॉप तिथेच. पावसात त्यावर पडणाऱ्या थेंबांचा आवाज पत्र्यासारखा नसतो, दबका असतो, बोललेलं ऐकू येतं. मे महिन्यात दार उघडलं की फायबरची आणि फेल्टची मिळून एक कोंदट वाफ अंगावर यायची, बाबा दोन्ही दारं थोडा वेळ उघडी ठेवायचे, मगच आईला बसू द्यायचे. ओळखीतले लोक सांगतात की विका हो आता, नवी जिम्नी घ्या. पण २०२३ ला आलेल्या पाचदारी जिम्नीचं छत पत्र्याचं आणि पक्कं आहे. बाबांना न निघणारं छत नकोच आहे, मग आहे ते कधी काढो न काढो.

यंदा पावसाळ्यात डाव्या बाजूच्या मॅटखाली पाणी साचायला लागलं. आधी थोडं, मग पाय ठेवला की पचक. गाडीत ओल्या गोणपाटाचा वास भरून राहिला. मी मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं तर टॉपच्या कडेखालच्या पत्र्याला पापुद्रे सुटलेले, बोट लावलं की चॉकलेटी चुरा हातात. मिस्त्रीचं म्हणणं सरळ होतं, कडेची पट्टी कापून नवीन पत्रा वेल्ड करावा लागेल, आणि वेल्डिंग करायचं तर वर फायबर चालत नाही, रेझिन पेटतं. म्हणजे टॉप काढण्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. इतकी वर्षं हौस म्हणून जे राहिलं ते आता गंजामुळे होणार, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

मिस्त्रीचं काम मानकापूरच्या बाजूला, कडुनिंबाखाली, अर्धं शेड अर्धं उघडं. मी कॉलेजमधून सुटी टाकून गेले कारण बाबांना ऊन सहन होत नाही आता, आणि मला स्वतःला पाहायचं होतं. बोल्टांवर त्याने आधीच डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ब्रशने लावून ठेवलं होतं, रोज सकाळ-संध्याकाळ. "घाई केली की मान तुटते," तो म्हणाला, बोल्टची. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे आटे आतल्या आत फुगून एकमेकांत रुतून बसतात. ऑइल त्या फटीत केसभर केसभर करत शिरतं, म्हणून त्याला दिवस द्यावे लागतात. पहिले काही बोल्ट कुरकुर करत निघाले. मग एक आला तो नुसताच गरगर फिरायला लागला, खालचा वेल्ड केलेला नट सुटला होता. मिस्त्रीचा पुतण्या गाडीखाली पाठीवर झोपून ग्रिप प्लायरने नट धरायचा प्रयत्न करत होता, त्याच्या तोंडावर गंजाचा चुरा पडत होता, तो डोळे मिटून हातानेच शोधत होता. नाहीच जमलं तेव्हा ग्राइंडर काढला. गॅसची ज्योत तर जवळ आणायचीच नाही, ग्राइंडरच्या ठिणग्या सुद्धा नकोत कारण पेट्रोलची टाकी मागेच आहे, म्हणून पोती भिजवून सगळीकडे पसरली, बादली भरून ठेवली, एक पोरगा हातात ओलं पोतं घेऊन उभा, आणि मग बोल्टांची डोकी एकेक करून उडवली. फायबरचा बारीक भुगा मनगटावर बसला, त्याची खाज माझी रात्री अंथरुणातही जात नव्हती.

बोल्टांची भोकं पाहून मिस्त्री मला म्हणाला, "हे पहा ताई, भोकं लांबट झाली." खरंच, गोल भोकं अंड्याच्या आकाराची झाली होती. मला कारण लगेच कळलं, शाळेत शिकलेलं प्रसरण. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश गेलं होतं, आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ पर्यंत उतरलं होतं. इतक्या फरकात दोन मीटर लोखंड जवळपास एक मिलिमीटर लांबतं-आखडतं, फायबर त्याहून जास्त. आणि हे नुसतं हवेचं तापमान, उन्हात उभ्या गाडीचा पत्रा तर कितीतरी जास्त तापतो. दोन वेगळ्या वेगाने वाढणाऱ्या वस्तू एकत्र आवळून ठेवल्या, त्या दर उन्हाळ्यात आणि दर हिवाळ्यात एकमेकींना घासत राहिल्या, सीलंट कुठेतरी फाटलं, तिथून पाणी शिरलं. बाहेरून पाहणाऱ्याला टॉप जागचा हलत नव्हता. आत तो रोज थोडा थोडा हलत होता.

मागचे तीन बोल्ट वेगळे निघाले.

बाकी सगळ्यांना तेराचा पाना लागत होता, या तिघांना लागेना. डोकी छोटी, खाली वॉशर नाही, बनावट वेगळी. मिस्त्रीने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "हे बॉडीवाल्याचे नाहीत," एवढंच बोलून त्याने ते पानाच्या रिकाम्या डबीत टाकले. तेव्हाच माझ्या डोक्यात आईचं वाक्य परत वाजलं, पण मी काही बोलले नाही.

सगळे बोल्ट गेले, काचेच्या चौकटीवरचे क्लॅम्प गेले, दिव्याची आणि स्पीकरची वायर सोडवली (ही राहिली की टॉप उचलताना वायरिंगच फाटून हातात येतं, मिस्त्रीने दोनदा तपासलं), चार जण चार कोपऱ्यांना लागले, आणि टॉप जागचा हलला नाही. एक केसभर सुद्धा नाही. पुतण्या म्हणाला सब्बल घालू. मिस्त्री त्याच्यावर ओरडलाच, "अबे फायबर आहे ते, कोपऱ्यात जोर दिला की तडकते, मग जोडत बस." ते मला फार आवडलं. काम अडलेलं, दुपारचं ऊन, जेवण राहिलेलं, आणि तरी तो माणूस दुसऱ्याच्या जुन्या टॉपच्या कोपऱ्याची काळजी करत होता. त्याने काच काढायची तार मागवली. गाडीची चिकटवलेली पुढची काच काढताना वापरतात ती, पोलादी, पीळ दिलेली. एक टोक आतून, एक बाहेरून, दोन्हीकडे लाकडाच्या मुठी, आणि मग दोन माणसं करवत ओढल्यासारखी ती तार फटीतून ओढत पुढे सरकतात. आत मी बसले होते, कारण पुतण्या बाहेर हवा होता, आणि कोणीतरी आतलं टोक धरायलाच पाहिजे होतं. तार ओढताना हाताला सगळं कळतं. रबर असलं की तार मऊ जाते, सीलंट आलं की जड होते आणि कातरल्याचा आवाज येतो, आणि मधेच एखादी जागा येते जिथे काहीच नसतं, तार रिकामी सटकते, तिथूनच पाणी शिरत होतं. जिथून तार पुढे गेली तिथे मिस्त्री लाकडाची पातळ पाचर बसवत जायचा म्हणजे फट परत मिटू नये. डाव्या बाजूला माझा दंड भरून आला, मागच्या कोपऱ्यात तर बोटभर जायलाही किती वेळ लागला.

मागची बाजू सुटल्यावर मिस्त्रीने मला बाहेर बोलावलं. फटीत टॉर्च धरला. "दोन थर आहेत," तो म्हणाला. खाली काळा, टणक, तडे गेलेला. वर पांढरा, जाड, अजून लवचीक. आणि दोघांच्या मधे अगदी पातळ, तांबूस धूळ. काळ्या थरावर आडव्या रेषा होत्या, कोणीतरी सुरीने किंवा पत्रीने तो खरवडल्याच्या, घाईत, अर्धा खरवडून सोडून दिल्याच्या. बसवताना दोन वेगळे सीलंट कोणी लावत नाही, आणि लावले तरी मधे धूळ कशी येईल. काळा थर बॉडीवाल्याचा. मग टॉप निघाला. काही दिवस गाडी उघडी राहिली, धूळ बसली. मग कोणीतरी टॉप परत ठेवला, बोल्ट हरवले होते तिथे बाजारातले घातले, आणि पाणी येऊ नये म्हणून पांढरं सीलंट इतकं भरलं की तो पुन्हा निघणं कठीण होऊन बसलं.

"काकू बरोबर बोलल्या न," मिस्त्री म्हणाला.

टॉप उचलला तो क्षण मी मनात फार मोठा करून ठेवला होता. प्रत्यक्षात चौघांनी 'हं' म्हटलं, टॉप सरळ वर गेला, थोडा मागे, आणि जुन्या टायरांवर टाकलेल्या चादरीवर जाऊन बसला. आवाज झाला तो चादरीखालच्या टायरांचा. गाडी एकदम लहान दिसायला लागली. आत उजेड पडला आणि सीटच्या कडेचा मळ, फाटलेली शिवण, इतकी वर्षं सावलीत झाकलेलं सगळं दिसायला लागलं, मला त्या गाडीची दयाच आली. मी त्या दोन थरांचे, तीन बोल्टांचे फोटो काढले आणि घरी निघाले.

रात्री जेवण झाल्यावर फोटो दाखवले. बाबांनी चष्मा लावून, फोन दूर-जवळ करून, खूप वेळ पाहिले. आई ताटं आवरत होती, तिला पाहायची गरजच नव्हती. बाबा म्हणाले, "कोणी काढला असेल पण?" आणि आई ओट्याजवळूनच म्हणाली, "कपाट कसं आणलं मग आपण पवनीहून?"

बाबा गप्प झाले. मग हळूहळू त्यांना आठवत गेलं, मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आईचं माहेर पवनीचं. तिचे वडील गेले त्यानंतर घराची वाटणी झाली, आईने काहीच मागितलं नव्हतं, फक्त त्यांचं सागवानी कपाट मागितलं, दाराला उभा आरसा असलेलं, जे आज आमच्या मधल्या खोलीत आहे आणि ज्यात मी माझे शाळेचे गणवेश ठेवायचे. कपाट जिप्सीत मागून घालायला गेले तर टॉपच्या खाली बसेना. मामा म्हणाले की राहू दे, पुढच्या आठवड्यात मेटॅडोरने पाठवतो. आई म्हणाली आजच न्यायचं. तिने ते त्या रात्री आम्हाला सांगितलं तेव्हाही तिचा आवाज तसाच होता, "आज नाही नेलं तर ते राहिलंच असतं, मला माहीत होतं." मग समोरच्या सायकल दुकानातून पाने आणले, बाबा आणि दोन्ही मामांनी अंगणात टॉप काढला, विहिरीजवळच्या भिंतीला टेकवून ठेवला, कपाट आडवं घातलं, दोऱ्या बांधल्या, आणि भिवापूर, उमरेड करत उघड्या गाडीने रात्री नागपूरला आलो. बाबा पुढे एकटे. आई मागे कपाटाजवळ, कारण खड्ड्यात ते हलायचं, आणि आम्ही दोघं पोरं तिच्या दोन बाजूंना. टॉप कितीतरी दिवस पवनीलाच राहिला. मग बाबा सरकारी कामाने तिकडे गेले तेव्हा खात्याच्या ट्रकमधून आला, आणि बॉडीवाल्याने सांगितलं की आता असा बसवतो की थेंब येणार नाही.

वहीत नोंद का नव्हती तेही कळलं. पाने उसने, माणसं घरची, खर्च शून्य. ती वही खर्चाची आहे.

मला त्या रात्री झोप लागली नाही ते दुसऱ्याच एका गोष्टीमुळे. माझ्याजवळ एक आठवण आहे, अगदी लहानपणापासूनची, चालत्या गाडीत आरशात आभाळ पळतंय, त्यात झाडांचे शेंडे येतात आणि जातात. मी ते स्वप्न समजत आले होते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आरशावर सतरंजी बांधली होती, फुटू नये म्हणून. तुला दिसणार कसं?" मग म्हणाली, "सतरंजी उडत होती मात्र, मी धरून बसले होते." आता काय खरं मानायचं. बाबा इतके नीटनेटके, तरी त्यांच्या डोक्यातून अख्खी रात्र गेली, कारण त्यांच्यासाठी ते एक काम होतं, झालं आणि संपलं. आईसाठी ती तिच्या वडिलांच्या घरून आणलेल्या एकुलत्या एका वस्तूची रात्र होती. तिने ती कधी सांगितली नाही कारण कोणी विचारलं नाही, आणि आम्ही सगळे तिला धूळ सहन होत नाही एवढंच तिच्याबद्दल जाणत राहिलो. मी हळूच विचारलं, आई, तुला धुळीचा त्रास व्हायचा का गं खरंच? ती म्हणाली, "कपडे धुवायचा व्हायचा. बसायचा नाही." बाबा तिथेच होते. त्यांनी ते ऐकलं आणि बराच वेळ फोनमधल्या त्या पांढऱ्या थराचा फोटो मोठा करून पाहत राहिले. मला त्यांचं वाईट वाटलं आणि आईचंही वाटलं, आणि कोणाची बाजू घ्यावी असं काही नव्हतंच तिथे.

कडेच्या पट्टीचं काम झालं, नवीन पत्रा, त्यावर प्रायमर, आतून रंग. मिस्त्रीने मला निक्षून सांगितलं की आता सीलंट लावायचंच नाही, रबराची जाड पट्टी टाकायची, बोल्ट स्टेनलेसचे घालायचे, आट्यांना ग्रीस, खाली मोठे वॉशर, भोकं थोडी मोकळी, म्हणजे टॉपला हलायला जागा राहील आणि दरवर्षी काढता येईल. पोर्चच्या स्लॅबला चार हुक आणि चेन पुली बसवून घेतली. खर्च वहीत लिहिला आहे. गाडी उघडीच घरी आणली, मी चालवत, बाबा शेजारी मफलर गुंडाळून, आणि मागच्या बाकावर आई, रिंग रोडच्या सगळ्या ट्रकांच्या धुळीत. सिग्नलला लोक पाहत होते. बाबा दर थोड्या वेळाने मागे वळून विचारत होते, "ठीक आहे न?" आणि ती म्हणत होती, "पुढे पहा तुम्ही."

जानेवारीत पवनीला जायचं ठरलं आहे, मामाच्या मुलाकडे तीळगुळाला. टॉप परत कधी बसवायचा यावर मात्र एकमत नाही. बाबा म्हणतात होळीच्या आधी, ऊन वाढायच्या आत. आई म्हणते पाडव्यानंतर पाहू, सकाळची हवा तोवर गार असते. काल तिने परस्पर मिस्त्रीला फोन करून सांगून टाकलं की काकाजींनी सांगितलं तरी माझ्याशी बोलल्याशिवाय माणसं पाठवू नका. नंबर तिने माझ्याकडून आधीच घेऊन ठेवला होता.